एआय कोडिंग एजंटसाठी अडवणुकीचे नियम कसे लिहावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महापेच्या एमआयडीसीत आमची छोटी टीम आहे. न्हावा-शेव्याहून कंटेनर उचलणाऱ्या वाहतूकदारांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. टर्मिनलमध्ये चालणारे, सांगितलेलं काम कोड लिहून आणि कमांड देऊन पार पाडणारे एआय एजंट आता रोजच्या कामात आहेत, आणि त्यांना कुठे अडवायचं याचे नियम लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. ऐरोली, वागळे इस्टेट, बेलापूरच्या ओळखीच्या टीमांकडून याबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवते आहे.

कमांड इथे आपण तोंडी म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलीत त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

हे नियम नक्की कुठे बसतात?

मॉडेल स्वतः काहीच चालवत नाही. 'ही कमांड चालवायची आहे' किंवा 'या फाइलीत हा मजकूर लिहायचा आहे' एवढंच ते मांडतं, आणि त्याच्याभोवतीचा प्रोग्रॅम ते प्रत्यक्षात करतो. या दोघांच्या मध्ये आपल्याला उभं राहता येतं. क्लॉड कोड या अँथ्रॉपिकच्या कोडिंग एजंटमध्ये त्या जागेला प्री-टूल-यूज हुक म्हणतात. कुठलं साधन वापरलं जाणार आहे आणि त्याला काय दिलं जाणार आहे, हे हुकला जेसनमध्ये (माहिती मजकूर म्हणून मांडायचं एक ठरलेलं स्वरूप) मिळतं. आपली स्क्रिप्ट ते वाचते, पॅटर्नशी, म्हणजे काय शोधायचं ते सांगणाऱ्या सांकेतिक ओळीशी (रेजेक्स), ताडून बघते आणि एक आकडा परत करते. ० म्हणजे जाऊ दे, २ म्हणजे अडव. अडवलं तर स्क्रिप्टने एरर म्हणून छापलेला मजकूर मॉडेलपर्यंत पोचतो.

याहून सोपी सोय सेटिंगच्या फाइलीत असते: कशाला परवानगी, काय विचारून करायचं आणि कशाला सक्त मनाई. एकच कमांड दोन याद्यांत आली तर मनाई जिंकते. स्क्रिप्ट लिहायची नसेल तर हुकिफाय हे प्लगइन आहे. त्यात प्रत्येक नियम म्हणजे एक लहान मार्कडाउन फाइल: वर नाव, घटना आणि पॅटर्न, खाली एजंटला दाखवायचा संदेश. सुरुवातीला एवढं पुरतं.

सूचनांच्या फाइलीत 'असं करू नकोस' लिहिलेलंच आहे. मग वेगळा नियम कशाला?

सूचना ही विनंती असते. एजंट ती बहुतेक वेळा पाळतो, पण काम लांबलं, मध्ये दोनशे ओळींचा एरर आला, की सुरुवातीच्या सूचनेचा प्रभाव कमी होतो. हुकचं तसं नसतं. पहिल्या मिनिटाला आणि चौथ्या तासाला तो सारखाच वागतो. दोन्ही ठेवा. कामाची पद्धत, नावं कशी द्यायची, टेस्ट कुठे लिहायच्या हे सूचनांत असू द्या. एकदा घडलं की मागे घेता येणार नाही ते नियमांत घाला.

पहिला नियम कुठला लिहावा?

तुमच्या टीममध्ये खरोखर घडलेल्या किंवा थोडक्यात हुकलेल्या गोष्टीचा. इंटरनेटवरून चाळीस नियमांची तयार यादी आणून डकवू नका. त्यातले निम्मे तुमच्या कामाला लागू नसतात आणि उरलेले अशा जागी अडवतात की आठवड्याभरात कोणीतरी हुकच बंद करून टाकतं. आमचा पहिला नियम फोल्डर मुळापासून उडवणाऱ्या आरएम कमांडचा होता, कारण एजंटने 'जुनी बिल्ड साफ करतो' म्हणत चुकीच्या फोल्डरमध्ये उभं राहून ती चालवायला काढली होती. सुदैवाने स्क्रीनसमोर माणूस बसला होता.

आरएमचा नियम घातला, पण रोज भलतंच काहीतरी अडतंय. असं का?

हे सविस्तर सांगते, कारण पॅटर्न लिहिण्यातली जवळजवळ सगळी मेख यात आहे.

आमचा पहिला पॅटर्न असा होता: आर, एम, मग मोकळी जागा, मग डॅश, मग काहीही, आणि कुठेतरी आर. वाचताना ठीक वाटतो. दुसऱ्याच दिवशी एजंटची एक अगदी निरुपद्रवी कमांड अडली: टेराफॉर्म -सीएचडीआयआर=नेटवर्क प्लॅन. टेराफॉर्म हे सर्व्हरची मांडणी करणारं साधन. ही कमांड काही पुसत नाही, काय बदलेल ते फक्त दाखवते. अडली का? टेराफॉर्मच्या रोमन स्पेलिंगची शेवटची दोन अक्षरं आर आणि एम. पुढे मोकळी जागा, त्यापुढे डॅश, आणि सीएचडीआयआरच्या शेवटी आर. पॅटर्नने सांगितलेलंच केलं होतं.

मग शब्दाची हद्द घातली, म्हणजे आरएमच्या आधी बॅकस्लॅश-बी. टेराफॉर्म सुटलं. लगेच डॉकर अडलं, म्हणजे प्रोग्रॅम बंदिस्त जागेत, 'कंटेनर'मध्ये, चालवणारं साधन. डॉकर रन --आरएम -आयटी, आणि पुढे कुठेतरी आर असलेलं काहीही. इथे --आरएमचा अर्थ 'काम झालं की हा कंटेनर काढून टाक' एवढाच. पण डॅश हे अक्षर नाही, त्यामुळे त्याच्या पुढे शब्दाची हद्द आहेच. त्यानंतर गिट आरएम -आर --कॅश्ड अडलं. गिट कोडमधल्या बदलांची नोंद ठेवतं; ही कमांड फाइल त्या नोंदीतून काढते, डिस्कवर ती जशीच्या तशी राहते.

तिसऱ्या वेळी आरएम कमांडच्या सुरुवातीला असेल, किंवा अर्धविराम, जोड-अँपरसँड वा पाइपनंतर असेल, तरच पकडायचं असं लिहिलं. खोटी अडवणूक थांबली, पण आता सुडो आरएम (तेच, पण अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) सुटायला लागलं. पूर्ण पाथ देऊन बोलावलेलं आरएम सुटायला लागलं. एक्सआर्ग्ज आरएम (मिळालेल्या यादीवर आरएम) तर सुटणारच. शिवाय -आरएफ, -एफआर, -आर -एफ, --रिकर्सिव्ह --फोर्स ही सगळी एकाच गोष्टीची स्पेलिंगं.

शेवटी आम्ही एवढ्या एका नियमापुरता पॅटर्नचा नाद सोडला. आता स्क्रिप्ट पायथॉनच्या श्लेक्स मॉड्यूलने कमांडचे शेलसारखे शब्द सुटे करते, आधीचे सुडो वगैरे बाजूला काढते, मग बघते की पहिला शब्द आरएम आहे का, आणि पर्यायांमध्ये आर किंवा रिकर्सिव्ह आहे का. पंचवीस ओळींची स्क्रिप्ट आहे, पण वाचली की कळते. आमच्या शेवटच्या रेजेक्सबद्दल मी तसं म्हणणार नाही. तिसऱ्या दुरुस्तीलाही पॅटर्न सरळ होत नसेल तर तो पॅटर्नचा विषय नाही, असं मी आता धरून चालते.

एजंट अडवलेली गोष्ट दुसऱ्या वाटेनं करत असेल तर?

करतो. त्यात दुष्टावा काही नसतो. त्याला काम पूर्ण करायचं असतं, एक वाट बंद दिसली की तो दुसरी शोधतो. आरएम अडवलं तर फाइंड -डिलीट आहे, गिट क्लीन आहे, पायथॉनची दोन ओळींची स्क्रिप्टही आहे.

आमच्याकडे फोर्स पुशच्या (सर्व्हरवरचा इतिहास पुसून आपला कोड जबरदस्तीने ढकलण्याच्या) बाबतीत हे अगदी पायरी-पायरीने झालं. पॅटर्नमध्ये --फोर्स होतं. एजंटने छोटा पर्याय -एफ वापरला. आम्ही तोही घातला. पुढच्या वेळी त्याने लिहिलं: गिट पुश ओरिजिन +मेन. ब्रँचच्या (कोडच्या शाखेच्या; मेन ही मुख्य शाखा) नावाआधीची ती अधिकची खूण म्हणजे जबरदस्तीने ढकल. आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना गिटमध्ये हे आहे हेच ठाऊक नव्हतं.

आमच्या धंद्यातलाच दाखला देते. पुलाआधी लोखंडी कमान लावलेली असते. ती ट्रकची उंची मोजते. ट्रकमध्ये किती टन माल भरलाय ते तिला कळत नाही, आणि त्यासाठी ती नाहीच. पॅटर्नचंही तसंच: कृती काय आहे ते त्याला कळत नाही, तिचं स्पेलिंग तेवढं कळतं. वजनकाटा वेगळा लागतो. फोर्स पुशसाठी तो सर्व्हरवर आहे: मेन ब्रँच संरक्षित करून ठेवा, म्हणजे कुठल्याही स्पेलिंगने ढकललं तरी सर्व्हर नाकारेल. फाइलींसाठी एजंटला सँडबॉक्समध्ये (बाकी मशीनपासून तोडलेल्या जागेत) किंवा वेगळ्या कंटेनरमध्ये चालवा.

मग पॅटर्न तरी कशाला, असं पुढचं विचारलं जातं. कारण बहुतेक चुका सरळ स्पेलिंगनेच होतात, आणि त्या क्षणी एजंटशी बोलायची संधी फक्त पॅटर्न देतो. सर्व्हर नुसता नकार देतो.

अडवल्यावर एजंटला काय सांगावं?

नियमाच्या या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

आमचा जुना संदेश होता: 'परवानगी नाही.' वर सांगितलेल्या तीन पायऱ्या या संदेशावर झाल्या. एजंटला कळलं ते एवढंच की ही कमांड चालत नाही, म्हणून त्याने दुसरी शोधली. आताचा संदेश असा आहे:

'मेनवर जबरदस्तीने पुश करायचं नाही, कुठल्याही पद्धतीने. इतरांचं काम पुसलं जातं. आपल्या ब्रँचवर पुश कर आणि पुल रिक्वेस्ट काढ. इतिहास बदलणं गरजेचंच वाटत असेल तर थांब, कारण लिही आणि माणसाला विचार.'

काय करायचं नाही, का नाही, त्याऐवजी काय करायचं, आणि अडलंच तर काय. 'कुठल्याही पद्धतीने' हे दोन शब्द मुद्दाम आहेत. त्यांमुळे एजंटला कळतं की आक्षेप स्पेलिंगवर नाही, कृतीवर आहे. हा संदेश लावल्यापासून तो तिथे थांबतो आणि विचारतो.

संदेश मराठीत लिहिला तर चालतो?

चालतो, आम्ही तसाच लिहितो. कमांडची आणि फाइलींची नावं मात्र रोमनमध्ये असू द्या. मराठीचा एक फायदा लक्षात आला: नियम वाचून दुरुस्त करायला टेस्टिंगवाले आणि सपोर्टवालेही पुढे येतात.

अडवावं की फक्त सावध करावं?

मागे घेता येत नाही ते अडवा. बाकी सगळ्याला सावध करा. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणं) चालवणं, पॅकेज बदलणं, मोठी फाइल एका दमात पुन्हा लिहिणं यांना सावधानतेचा संदेश पुरतो. डेटाबेसमधलं टेबल उडवणं, अट न घालता डिलीट, पब्लिक रजिस्ट्रीवर पॅकेज प्रसिद्ध करणं, ग्राहकाला एसएमएस जाईल असं काहीही, हे अडवा. एसएमएसचा मुद्दा बरेच जण विसरतात. पाठवलेला मेसेज कुठल्याच बॅकअपमधून परत येत नाही.

नियम लिहिलाय, पण तो लागतच नाही. एररही येत नाही.

सगळ्यात धोकादायक अवस्था हीच. आपण निर्धास्त असतो आणि दारावर कोणी नसतं. आमच्याकडे एक नियम तीन आठवडे असा मुका होता. आम्हाला सापडलेली कारणं सांगते.

त्या तीन आठवड्यांचं कारण एक बॅकस्लॅश. पॅटर्न जेसनच्या फाइलीत होता आणि शब्दाच्या हद्दीसाठी मी एकेरी बॅकस्लॅश-बी लिहिलं होतं. जेसनमध्ये त्याचा अर्थ बॅकस्पेस हे चिन्ह. म्हणजे माझा नियम अशा कमांडची वाट बघत होता जिच्यात बॅकस्पेस आहे. जेसन वैध, रेजेक्स वैध, तक्रार कोणाचीच नाही. जेसनमध्ये बॅकस्लॅश दोनदा लिहायचा. यॅमल या सेटिंगच्या फाइलींच्या स्वरूपात दुहेरी अवतरणांत हाच घोटाळा होतो, म्हणून तिथे एकेरी अवतरण वापरा.

दुसरं कारण परतीचा आकडा. क्लॉड कोडमध्ये अडवण्यासाठी २ लागतो. १ आला तर हुकमध्ये काहीतरी बिघडलं असं समजून कृती पुढे जाते. आणि पायथॉन स्क्रिप्ट कोसळली की आकडा १ येतो. म्हणजे ज्या विचित्र इनपुटवर तुमची स्क्रिप्ट पडते, नेमकी तीच कमांड सुटते. पूर्ण स्क्रिप्टभोवती ट्राय (एरर झेलणारा भाग) घाला आणि अनपेक्षित काही झालं तर स्वतःहून २ परत करा.

तिसरं, पायथॉनचं मॅच हे फंक्शन मजकुराच्या सुरुवातीलाच बघतं. 'आधी फोल्डर बदल, मग पुसून टाक' अशी जोडकमांड त्यातून सुटते. सर्च वापरा. चौथं, ठिपका (रेजेक्समध्ये 'कुठलंही एक अक्षर') सहसा नव्या ओळीला जुळत नाही, आणि एजंट लांब कमांड बॅकस्लॅश देऊन दोन-तीन ओळींत मोडतात. पाचवं, अंकासाठीचं बॅकस्लॅश-डी साध्या ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) कळत नाही.

गुपितांची फाइल वाचवायची आहे. नुसतं '.एन्व्ह' लिहून भागेल?

नाही. रेजेक्समध्ये मोकळा ठिपका म्हणजे कुठलंही एक अक्षर. अँग्युलरच्या बऱ्याच प्रोजेक्टांत एसआरसी फोल्डरच्या आत एन्व्हायरन्मेंट्स नावाचं फोल्डर असतं. त्याच्या पाथमधली तिरकी रेघ आणि पुढची ई-एन-व्ही ही अक्षरं तुमच्या पॅटर्नला हुबेहूब जुळतात. ठिपक्याआधी बॅकस्लॅश घाला. शेवटी $ ('इथे संपतं' ही खूण) घातलात तर .एन्व्ह.लोकल आणि .एन्व्ह.प्रॉडक्शन सुटतात, नाही घातलात तर .एन्व्ह.एक्झाम्पल अडतं, जी फाइल एजंटने वाचायलाच हवी. आम्ही नमुना फाइलचं नाव अपवाद म्हणून वेगळं लिहिलं आहे.

आणि एक दार विसरू नका. फाइल वाचण्याच्या साधनावर नियम लावला तरी टर्मिनलमधून कॅट करून तीच फाइल वाचता येते. फाइलचे नियम कमांडला दिसत नाहीत, कमांडचे नियम फाइलला दिसत नाहीत. दोन्हीकडे लिहावं लागतं.

ग्राहकांचे आधार, पॅन नंबर कोडमध्ये जाऊ नयेत यासाठी पॅटर्न आहे का?

आहे, पण धंदा बघून लिहा. आधार म्हणजे १२ अंक, आणि पहिला अंक ० किंवा १ नसतो. आमच्याकडे एवढ्यावर नियम लावला आणि पहिल्याच तासात टेस्टच्या निम्म्या फाइली अडल्या. कारण ई-वे बिलाचा नंबरही १२ अंकी असतो, आणि वाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये ई-वे बिलं पानोपानी. सुटका आधारच्या शेवटच्या अंकाने झाली. तो व्हरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणीचा अंक असतो. पॅटर्नने १२ अंक उचलायचे, मग स्क्रिप्टने तो अंक पडताळायचा. कुठलाही आकडा योगायोगाने या चाळणीतून जायची शक्यता साधारण दहात एक, त्यामुळे थोडी खोटी अडवणूक उरते. तिला आम्ही सावधानतेवर ठेवलं. शिवाय लोक आधार चार-चारच्या गटांत, मध्ये जागा सोडून लिहितात, तेही पॅटर्नमध्ये धरा.

पॅनचं वेगळंच. पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. पण जीएसटी नंबरच्या १५ अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅनच असतो. महाराष्ट्रातला असेल तर आधी २७, मग पॅन. शब्दाची हद्द घातली नाही तर प्रत्येक जीएसटी नंबर पॅन म्हणून पकडला जातो. पण मालकी व्यक्तीची असेल तर त्या जीएसटी नंबरातला पॅन त्या माणसाचाच, म्हणून आम्ही दोन्हींना वेगवेगळे नियम ठेवले.

मराठी मजकुरावर आणि मराठी नावाच्या फाइलींवर पॅटर्न नीट चालतात का?

आपोआप नाही. आणि हे इंग्रजी दस्तऐवजांत सहसा सापडत नाही, म्हणून थांबून सांगते.

पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये 'शब्दातलं अक्षर' म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. आपला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार त्यात बसत नाहीत, कारण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) ती जोडचिन्हं आहेत. 'ठाणे' या शब्दात ठ आणि ण ही अक्षरं, काना आणि मात्रा परके. आता 'ठाणे'च्या दोन्ही बाजूंना शब्दाची हद्द घालून 'ठाणे शहर' या मजकुरात शोधा. सापडणार नाही. शेवटची मात्रा परकी, पुढची मोकळी जागाही परकी, मग हद्द कुठली? उलट 'ठाणेकर'मध्ये मात्रेनंतर क येतो, तिथे हद्द तयार होते आणि पॅटर्न जुळतो. म्हणजे हवं तिथे नाही, नको तिथे हो. मराठी शब्दांसाठी बॅकस्लॅश-बी वापरू नका. 'मागेपुढे देवनागरीचं चिन्ह नको' असं स्पष्ट लिहा. देवनागरीचा युनिकोड पट्टा ०९०० ते ०९७एफ आहे.

अंकांचंही तसंच. पायथॉन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी देवनागरी अंकांनाही जुळतो, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंकांना. ड्रायव्हरचा फॉर्म मराठी कीबोर्डवर भरलेला असेल तर एकच नियम एका भाषेत आधार पकडेल आणि दुसऱ्या भाषेत सोडेल.

आणि मग आपला ऱ. एका वाहतूकदाराने दिलेल्या डेटात दोन फोल्डरं होती, 'चाचणी-नोंदी' आणि 'खऱ्या-नोंदी'. दुसऱ्यात एजंटने काही लिहू नये असा नियम मी केला, नाव टाइप करून. नियम लागला नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं शेजारी ठेवली तर तसूभर फरक नाही. बाइट बघितले तेव्हा कळलं: माझ्या कीबोर्डने ऱ हे एकच चिन्ह टाकलं होतं, त्यांच्याकडे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह होतं. दिसायला दोन्ही तेच. र आणि खाली नुक्ता ही तिसरी पद्धतही असते. युनिकोडच्या सामान्यीकरणाने नुक्त्याची पद्धत ऱमध्ये बदलते, पण अदृश्य जोडचिन्हाची बदलत नाही. ती स्क्रिप्टमध्ये हाताने बदलावी लागते. आम्ही आधी दोन्ही बाजू एकसारख्या करतो, मगच ताडतो. आणि ज्या फोल्डरवर नियम टांगायचा आहे त्याचं नाव आता रोमनमध्ये ठेवतो. माझं मराठीवर कितीही प्रेम असलं तरी त्या डेटात खऱ्या माणसांचे फोन नंबर आहेत.

इतके पॅटर्न दर कमांडला तपासले तर काम हळू होत नाही?

सहसा जाणवत नाही. पण एक वाईट पॅटर्न सगळं थांबवू शकतो. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमरांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडली. कारण होतं मजकुराच्या कडेची मोकळी जागा छाटणारा एक साधा रेजेक्स, आणि समोर आलेली सुमारे २०,००० मोकळ्या जागांची एक पोस्ट. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या वेबसाइटांना संरक्षण देणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलमधल्या एका रेजेक्सने जगभरातल्या सर्व्हरांचे सीपीयू भरून टाकले, २७ मिनिटं. दोन्हीकडे इंजिन न जुळलेला मजकूर पुन्हा पुन्हा मागे जाऊन तपासत बसलं.

एजंट कधीकधी अख्खी फाइल एका कमांडमध्ये ओततो, म्हणून हे आपल्यालाही लागू आहे. एकात एक '.*' ('काहीही, कितीही') घालू नका. शक्य असेल तर आरई२ किंवा त्या वळणाचं इंजिन वापरा. केन थॉम्पसन यांनी १९६८ साली मांडलेल्या पद्धतीच्या घराण्यातलं ते आहे, आणि त्यात वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. मागेपुढे डोकावणाऱ्या काही सोयी त्यात मिळत नाहीत, तेवढ्या सोडाव्या लागतात.

नियम बरोबर आहे हे तपासायचं कसं?

दोन याद्या ठेवा. एक 'अडायला हवं', दुसरी 'सुटायला हवं'. नियम बदलला की दोन्ही याद्या त्यातून आपोआप जाऊ द्या, आणि एकही ओळ चुकली तर बदल आत घेऊ नका. दुसरी यादी पहिलीपेक्षा मोठी असली पाहिजे. आमचे लोक नियमांवर चिडले ते खोट्या अडवणुकीमुळेच.

ओळी मनाने रचू नका. क्लॉड कोड आपल्या संभाषणांची नोंद होम फोल्डरमधल्या .क्लॉड या फोल्डरमध्ये ठेवतो. एजंटने आजवर खरोखर चालवलेल्या कमांड तिथून काढा आणि नवा नियम लावण्याआधी त्यांच्यावर चालवून बघा. ऐरोलीहून ठाण्याला ट्रेनने पोचेपर्यंत अख्ख्या महिन्याच्या कमांड तपासून होतात.

नियम एजंटकडूनच लिहून घेतले तर?

पहिला मसुदा जरूर घ्या. त्याहून चांगला उपयोग म्हणजे तोडायला सांगणं: 'हा नियम चुकवून हेच काम करणाऱ्या वीस कमांड लिही, एकही चालवू नकोस.' +मेनसारख्या गोष्टी घटना घडण्याआधीच समोर येतात.

पण नियमांचं फोल्डर मात्र एजंटच्या हाताबाहेर ठेवा. अडथळा दूर करण्याच्या ओघात तो नियमाची फाइलच 'दुरुस्त' करायला निघालेला मी बघितला आहे. आमच्याकडे त्या फोल्डरवर लिहिण्याला मनाई आहे आणि तिथल्या प्रत्येक बदलावर दोन माणसांची सही लागते.

एवढं केल्यावर प्रॉडक्शनचा पासवर्ड एजंटला द्यायला हरकत नाही ना?

हरकत आहे. २०२५ च्या जुलैमध्ये रेप्लिट या कोडिंग-प्लॅटफॉर्मवरच्या एका एजंटने, बदल गोठवलेले असताना, एका ग्राहकाचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसला. आणि हे फक्त एजंटचं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका माणसाच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. आमच्या एजंटला डेटाबेसचा फक्त वाचण्याचा अधिकार आहे, तोही प्रतीवर. बॅकअप परत चढवून बघण्याचं काम महिन्यातून एकदा करतो, माणसांनी.

नियम काढून कधी टाकायचे?

तेच काम दुसरं कोणी जास्त चांगलं करायला लागलं की. कोडमध्ये राहिलेल्या कन्सोल लॉगवर आमचा एक नियम होता, आता लिंटर (कोडमधल्या खोड्या शोधणारं साधन) ते बघतो, नियम गेला. मेन संरक्षित झाल्यावर फोर्स पुशचा नियम काढायचं चाललं होतं, पण त्याचा संदेश उपयोगी आहे म्हणून ठेवला. दर तिमाहीला आम्ही यादी काढतो आणि विचारतो: हा नियम शेवटचा केव्हा लागला, आणि तेव्हा बरोबर लागला का? वर्षभर एकदाही न लागलेला नियम आधी मुका तर नाही ना, हे बघतो.

आरएमचा मूळ पॅटर्न अर्थातच केव्हाच गेला. त्याच्या चाचणीच्या ओळी मात्र ठेवल्या आहेत. 'सुटायला हवं' यादीची पहिली ओळ अजून तीच आहे: टेराफॉर्म -सीएचडीआयआर=नेटवर्क प्लॅन.